राजीनामा मंजूर करण्यापूर्वी

प्रश्न : नाशिकमध्ये आमचे करसल्लागाराचे कार्यालय असून तेथे 22 जण काम करतात. जीएसटीचे काम अनेक वर्षे चोख सांभाळणाऱ्या आमच्या एका सहकारी बाईंच्या सासऱ्यांना सहा महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. तेव्हापासून त्यांना यायला उशीर होतो, शिल्लक रजाही संपल्या आहेत आणि आता त्यांनी राजीनामा दिला आहे. त्या जाव्यात असे मला मुळीच वाटत नाही, परंतु त्यांना सवलत दिली तर इतर जण नाराज होतील. कायदा काय सांगतो आणि मी काय करावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : राजीनामा तूर्त मंजूर करू नका. नोकरीचा कंटाळा आल्यामुळे दिलेला राजीनामा आणि दोन्हीकडची ओढाताण असह्य झाल्यामुळे दिलेला राजीनामा यांत फार अंतर असते, आणि आपल्या पत्रावरून हा दुसऱ्या प्रकारचा दिसतो.

आपल्या कार्यालयाला महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 लागू होतो. त्यानुसार वर्षाला 8 दिवसांची नैमित्तिक रजा मिळते. शिवाय वर्षात 240 दिवस काम केल्यास दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते आणि ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. आजारी वडीलधाऱ्यांच्या शुश्रूषेसाठी वेगळ्या रजेची तरतूद त्यात नाही. मुलांच्या बाबतीत आपले कायदे बरेच पुढे गेले आहेत, कारण 2017 मध्ये प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली आणि केंद्र सरकारी सेवेतील महिलांना बालसंगोपनासाठी संपूर्ण सेवाकाळात 730 दिवसांपर्यंत रजा घेता येते. म्हाताऱ्या माणसांची सेवा मात्र घरातल्या सुनेने निमूटपणे करायची बाब म्हणूनच सोडून दिली गेली आहे, याचा मला मनापासून खेद वाटतो. तरीही कायद्यापेक्षा अधिक देण्यास आपल्याला कोणतीही आडकाठी नाही.

केवळ रजा वाढवून मात्र हा प्रश्न सुटणार नाही. पक्षाघाताच्या रुग्णाची शुश्रूषा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते आणि अडचण बहुधा दिवसातल्या ठरावीक तासांची असते. रुग्णाला सांभाळायला ब्युरोतर्फे येणाऱ्या मावशींची कामाची पाळी बहुधा सकाळी आठ ते रात्री आठ अशी असते. त्या एखाद्या दिवशी साडेदहापर्यंत आल्या नाहीत, तर अंथरुणावरच्या माणसाला एकटे टाकून कोणालाही दहाच्या ठोक्याला कार्यालयात पोहोचता येणार नाही. म्हणून बाईंना समोर बसवून, नेमके कोणत्या वेळी अडते, एवढेच विचारा. आजाराचा तपशील किंवा घरात कोण काय करते याची चौकशी करू नका.

आपल्या कामाचे वेळापत्रक येथे उपयोगी पडेल. मासिक विवरणपत्रे भरणाऱ्या ग्राहकांसाठी जीएसटीआर-1 ची मुदत 11 तारखेला आणि जीएसटीआर-3बी ची 20 तारखेला संपते. त्या दिवसांत पूर्ण वेळ हजेरी आवश्यक धरून बाकीच्या दिवसांत अकरा ते सात अशी वेळ, किंवा आठवड्यातून दोन दिवस घरून काम, असे ठरवता येईल. बिलांची जुळवणी घरी बसूनही होते. फोन टेबलावर ठेवण्याची मुभा ही तर बिनखर्चाची गोष्ट आहे. तास कमी करायचे झाल्यास पगार त्या प्रमाणात ठरवून लेखी द्या आणि वार्षिक वेतनवाढीच्या वेळी ही सवलत त्यांच्याविरुद्ध धरू नका.

इतरांच्या नाराजीबद्दल सांगायचे, तर सवलत एका व्यक्तीला दिली की तिच्याकडे मेहेरबानी म्हणून पाहिले जाते. तीच सर्वांसाठी लेखी नियम म्हणून जाहीर करा आणि पुरुष सहकाऱ्यांनाही ती घेता येईल असे त्यात स्पष्ट लिहा. वडिलांच्या डायलिसिससाठी रजा मागताना संकोचणारा एखादा तरुण आपल्याकडेही असू शकेल. बाईंचे काम ज्यांच्याकडे जाईल त्यांना त्याचा मोबदला द्या, कारण अनेकदा कुरकुर सवलतीबद्दल नसते, विनामोबदला वाढलेल्या कामाबद्दल असते. दर तीन महिन्यांनी व्यवस्थेचा आढावा घ्या. पहिली बैठक 20 तारीख उलटल्यावर, विवरणपत्रांची घाई नसताना ठेवा आणि तिच्या सुरुवातीलाच राजीनाम्याचे पत्र बाईंना परत करा.