अमेरिकन विद्यापीठातल्या इंडिजिनस (मूळनिवासी) आणि लॅटिनेक्स (लॅटिन अमेरिकी वंशाचे लोक) कला केंद्रात नेमकं काम काय असतं? भारतीय माणसाला तिथे घेतात का?

तुम्ही लिहिलंय की डहाणूकडे वारली चित्रकारांबरोबर तीन वर्षं काम केलंत, आता कॅलिफोर्नियात एमए करताय आणि अशा केंद्रातल्या नोकरीची जाहिरात दिसली आहे. मी अशाच एका केंद्रात चार वर्षं प्रोग्रॅम को-ऑर्डिनेटर होते. विद्यापीठ सरकारी, नाव सांगत नाही. माणसं आम्ही इनमीन दोन: अर्धा वेळ शिकवणाऱ्या डायरेक्टरबाई आणि मी. शिवाय तासावर काम करणारी चार मुलं.

कलेचं काम आठवड्यातून फार तर एक दिवस. बाकीचे दिवस कलाकाराला पैसे मिळवून देण्यात जातात. हे गमतीत म्हणत नाहीये.

पहिल्याच वर्षी मेक्सिकोतल्या वाहाका राज्यातून, तेओतित्लान देल वाये या विणकरांच्या गावातून एका गृहस्थांना बोलावलं होतं. कोचिनीलचा रंग कसा करतात ते दाखवायला. हा किडा फड्या निवडुंगावर वाढतो, वाळला की राखाडी दाण्यासारखा दिसतो. त्यांनी माझ्या तळहातावर चार दाणे ठेवले, अंगठ्याने चुरडले, तळवा गडद किरमिजी झाला. त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळले तर केशरी-लाल. मग चिमूटभर खायचा सोडा टाकला, तर जांभळा. वर्गातली चाळीस मुलं पुढे वाकून बघत होती. दोन दिवस हाताचा रंग गेला नाही.

आणि मग त्यांच्या मानधनाचे कागदी घोडे सुरू झाले. बाहेरून बी-1 या थोड्या दिवसांच्या कामकाजी व्हिसावर आलेल्या पाहुण्याला विद्यापीठ मानधन देऊ शकतं, पण काम एका ठिकाणी नऊ दिवसांच्या वर नको आणि सहा महिन्यांत पाचपेक्षा जास्त संस्थांकडून पैसे घेतलेले नकोत. दोन देशांतल्या कर-कराराची सवलत मिळवायचे कागद नसतील तर आधी 30 टक्के कर कापायचा. म्हणजे 900 डॉलर कबूल केले आणि हातात 630. हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांनाही आधी सांगितलेलं नव्हतं. वर व्हेंडर नोंदणीचा फॉर्म दोनदा परत आला, कारण त्यांच्या गावातल्या पत्त्यात घर नंबर नव्हता. चेक निघाला अकराव्या आठवड्यात. तोवर दर सोमवारी व्हॉट्सअॅपवर त्यांचा एकच शब्द यायचा: 'नोतिसियास?' काही बातमी? त्यानंतर मी नियम केला की आमंत्रणाच्या पहिल्याच पत्रात कापून हातात येणारी रक्कम लिहायची. तुमच्या वारली चित्रकारांचे पैसे एखाद्या मेळाव्यात अडकले असतील, तर ही सोमवारची धाकधूक तुम्हाला वेगळी समजवायला नको.

त्याच फॉर्मवर एक गंमत होती. 'लॅटिनो' आणि 'इंडिजिनस' असे दोन चौकोन. गृहस्थांनी विचारलं, दोन्हीवर खूण करू का? त्यांची मातृभाषा सापोतेक ही तिथली मूळनिवासी भाषा, स्पॅनिश शाळेत शिकलेली. कॅलिफोर्नियाच्या शेतांवर राबणाऱ्यांत सापोतेक, मिश्तेक लोक खूप आहेत. बाहेरचे सगळ्यांना मेक्सिकन म्हणून मोकळे होतात. केंद्राच्या पाटीवर 'इंडिजिनस आणि लॅटिनेक्स' असं लिहिलं की हे दोन वेगळे गट वाटतात. प्रत्यक्षात एकाच माणसात दोन्ही असतात, आणि कधी कधी त्यांचं आपसात पटत नाही. 'लॅटिनेक्स' हा 'लॅटिनो'ऐवजीचा शब्द तर मला पाटीबाहेर फारसा ऐकूच आला नाही. प्यू रिसर्च या संशोधन संस्थेच्या 2023 च्या पाहणीत अमेरिकेतल्या लॅटिनो प्रौढांपैकी फक्त 4 टक्के लोक तो स्वतःसाठी वापरत होते. (आणि माझं 'इंडियन' असणं! भरतनाट्यमच्या अरंगेत्रमसाठी हॉल मिळेल का, असे फोन मला महिन्यातून एकदा तरी यायचे.)

दुसरं मोठं काम म्हणजे विचारणं. मूळनिवासींचे अवशेष आणि वस्तू त्यांना परत देण्याविषयीच्या 1990 च्या नागप्रा कायद्याचे नवे नियम जानेवारी 2024 पासून लागू झाले. मूळनिवासी जमातींचे मानवी अवशेष, त्यांच्याबरोबर पुरलेल्या वस्तू, पूजेच्या वस्तू अशा कशाचंही प्रदर्शन किंवा संशोधन करायचं तर आधी वंशजांची किंवा जमातीची संमती हवी. देशभर संग्रहालयांनी काचेच्या पेट्या झाकल्या. आमच्याकडे कपाटात दोन जुन्या टोपल्या होत्या, कुण्या प्राध्यापकांनी कधीतरी दिलेल्या. कुठली धान्याची आणि कुठली कुणाच्या मयताबरोबरची, हे बघून आम्हाला कळण्यासारखं नव्हतं. जमातीला पत्र पाठवलं. पाच महिन्यांनी एक वयस्कर बाई भाचीबरोबर आल्या. मी हातमोजे पुढे केले. मला वाटायचं हातमोजे टोपलीच्या काळजीसाठी असतात. भाचीने सांगितलं की जुने संग्राहक कीड लागू नये म्हणून अशा वस्तूंना आर्सेनिक लावायचे, तेव्हा काळजी हातांची घ्यायची आहे. म्हणजे घरी परत गेलेली वस्तूही कधी कधी वापरता येत नाही. बाई टोपल्यांशी हळू आवाजात बराच वेळ बोलल्या, आम्ही बाहेर जाऊन उभे राहिलो. नंतर म्हणाल्या, ही ठेवा, ती नको. कारण सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. 'नको' टोपली पुढे त्यांच्याकडे गेली.

मी तोंडघशी पडले ती ऑक्टोबरच्या शेवटी. 1 आणि 2 नोव्हेंबरला मृतांचा दिवस, त्यासाठी ओफ्रेंदा म्हणजे वेदी मांडतात: फोटो, पाव, मीठ, पाणी आणि झेंडू. अमेरिकेत तो असा सार्वजनिक व्हायला लॉस एंजेलिसमधल्या सेल्फ हेल्प ग्राफिक्ससारख्या चिकानो (मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या) संस्थांनी 1970 च्या दशकात सुरुवात केली. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, आपल्याकडे युरोपीय जहाजांमागून आलेला. मला कुठे धीर! दसऱ्याची सवय, सुई-दोरा घेतला आणि दोन क्रेट फुलांची तोरणं ओवून मोकळी झाले. सकाळी मुलांच्या आज्या आल्या. त्यांना पाकळ्या हव्या होत्या, दारापासून वेदीपर्यंत वाट घालायला. मग सगळ्या जणी बसून माझी तोरणं उसवत होत्या आणि माझ्याकडे बघून हसत होत्या. एक तोरण त्यांनी दाराला राहू दिलं. मी त्या दिवशी 'आमच्या पितृपक्षातही असंच' हे वाक्य पाच जणांना तरी ऐकवलं होतं. पुढच्या वर्षी एकदाही म्हटलं नाही, फक्त फुलं आणून दिली आणि अग्निशमनवाल्यांशी भांडले. खऱ्या मेणबत्त्यांना परवानगी नाही, बॅटरीवरच्या लावा म्हणतात. आज्या त्या बॅटरीच्या दिव्यांकडे काय नजरेने बघायच्या!

आता नोकरीचं. घेतात, मला घेतलंच होतं. एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तास करता येतं. जाहिरातीत 'वर्क-स्टडी' असेल तर अर्ज करू नका, तो सरकारी पैसा परदेशी विद्यार्थ्यांसाठी नसतो. पूर्णवेळ नोकरीसाठी विद्यापीठांना एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीची मर्यादा लागू नाही, ही मोठी सोय. डायरेक्टरची जागा मात्र बहुतेक वेळा त्या समाजातल्या माणसाकडे जाते, आणि ते मला रास्त वाटतं. स्पॅनिश कामापुरती तरी येऊ द्या. अर्जात वारली कलेचं वर्णन दोन ओळींत आटपा. त्याऐवजी किती चित्रकारांना किती दिवसांत पैसे मिळवून दिले आणि कुणाच्या परवानगीने काय छापलं, ते लिहा.

मुलाखतीच्या पॅनेलवर गावातल्या एक बाई होत्या. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: कलाकार एकटी येणार होती, ती आई आणि दोन मुलांना घेऊन आली. जेवणाचं बजेट एकीचं. काय करशील? मी म्हटलं, पोहे करीन. पोहे म्हणजे काय हे सांगण्यात पुढची पाच मिनिटं गेली आणि नोकरी मिळाली. पोहे काही चार वर्षांत करता आले नाहीत. घरचं अन्न कार्यक्रमात वाढायला विद्यापीठाची मनाई होती.