अणुबॉम्बसारखं धोकादायक तांत्रिक ज्ञान कायमचं गुप्त ठेवता येतं का?

काही वर्षं, हो. कायमचं नाही.

गंमत म्हणजे लपवालपवीच कधीकधी चुगली करते. 1942 साली गिओर्गी फ्लेरोव्ह या तरुण सोव्हिएत शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की अणुविखंडनावरचे (अणूचं केंद्रक फोडण्यावरचे) लेख अमेरिकी-ब्रिटिश नियतकालिकांतून एकाएकी गायब झालेत. काहीतरी शिजतंय हे ओळखून त्याने थेट स्टालिनला पत्र लिहिलं. पुढे क्लाउस फुक्स हा शास्त्रज्ञ अमेरिकेच्या बॉम्ब-प्रयोगशाळेतून, लॉस अलामॉसमधूनच, सोव्हिएतांना माहिती पुरवत होता. 29 ऑगस्ट 1949 ला रशियाचा स्फोट झालासुद्धा! अर्थात हेरगिरी नसती तरी फार तर काही वर्षं उशीर झाला असता, असं मला वाटतं. कारण सर्वांत मोठं गुपित 'बॉम्ब बनतो' हेच होतं, आणि ते हिरोशिमात जगजाहीर झालं.

1964 मध्ये अमेरिकेने स्वतःच परीक्षा घेतली. नुकतीच पीएचडी झालेल्या, शस्त्रांचा अनुभव नसलेल्या भौतिकशास्त्रज्ञांना फक्त उघड माहितीवरून बॉम्बचा आराखडा करायला सांगितलं. 1967 पर्यंत त्यांनी तो केला, आणि तो चालण्याजोगा होता.

मग दर दुसऱ्या देशाकडे बॉम्ब का नाही? कारण आराखडा कागदावर असतो. पण बॉम्बचं इंधन, म्हणजे समृद्ध युरेनियम किंवा प्लुटोनियम, मिळवायला अवाढव्य कारखाने, पैसा आणि वर्षं लागतात. म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक या इंधनाच्या किलो-ग्रॅमचा हिशेब तपासत फिरतात.