ज्यूरीचं समन्स आलंय, आता काय?

अमेरिकेतल्या वाचकांकडून ज्यूरी ड्यूटीबद्दल, म्हणजे कोर्टात खटला ऐकून निकाल द्यायला सामान्य नागरिकांना जावं लागतं त्याबद्दल, सतत विचारणा होते. ज्या घरांत नुकतंच नागरिकत्व मिळालंय, तिथून तर हमखास. या अंकात त्यातल्या निवडक प्रश्नांना उत्तरं दिली आहेत. नियम राज्याप्रमाणे आणि कोर्टाप्रमाणे बदलतात. त्यामुळे तुमच्या समन्सवर जे छापलंय तेच शेवटचं, हे धरून पुढचं वाचा.

माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, मी नागरिक नाही. तरी समन्स आलं. चुकून आलं असेल म्हणून टाकून दिलं तर चालेल का?

नाही, टाकू नका. बहुतेक राज्यांत ज्यूरीची नावं मतदारयादीबरोबर ड्रायव्हिंग लायसन्स आणि ओळखपत्राच्या यादीतूनही काढतात. लायसन्स ग्रीन कार्डवाल्यांकडे असतं, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांकडेही असतं. यादी काढणाऱ्या संगणकाला तुमचं नागरिकत्व ठाऊक नसतं. म्हणून समन्ससोबत प्रश्नावली येते आणि त्यात बहुधा सुरुवातीलाच ‘तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का’ असं विचारलेलं असतं. तिथे ‘नाही’वर खूण करा, सही करा, मुदतीत पाठवा. कोर्टाने ग्रीन कार्डाची प्रत मागितली असेल तर जोडा. ऑनलाइन भरलंत तर शेवटी येणारं पुष्टीचं पान छापून ठेवा. नागरिक नसलेल्यांना ज्यूरीत बसवता येत नाही, त्यामुळे तुमचं नाव तिथेच वगळलं जातं.

खरा धोका वेगळाच आहे. घाईत ‘हो’वर खूण करून सही केली, तर कागदोपत्री तो नागरिकत्वाचा खोटा दावा दिसू शकतो. इमिग्रेशनच्या कायद्यात याला फार गंभीर मानतात, प्रकरण देशाबाहेर काढण्यापर्यंत जाऊ शकतं. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात, म्हणजे एन-४०० मध्ये, ‘तुम्ही कधी स्वतःला अमेरिकी नागरिक म्हणवलंत का’ हा प्रश्न थेट येतो. अशी चूक आधीच झाली असेल तर कोर्टाला ताबडतोब लेखी दुरुस्ती कळवा आणि एन-४०० भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला ते कागद दाखवा. घरात एकाने सगळ्यांचे फॉर्म भरायची सवय असेल तर हा फॉर्म त्यातून वगळा. ज्याच्या नावाने आलाय त्याने स्वतः वाचून सही करावी.

आणखी एक. काही राज्यांत ‘नागरिक नाही’ म्हणून सुटलेल्यांची नावं निवडणूक कार्यालयाकडे जातात. पुढे तुम्ही नागरिक होऊन मतदार म्हणून नाव नोंदवलंत की पुरावा मागणारं पत्र येऊ शकतं. अशा वेळी नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत हाताशी असली म्हणजे झालं.

जानेवारीत भारताचं तिकीट काढलंय आणि त्याच आठवड्याची तारीख आली. तिकीट रद्द करावं लागेल का?

नाही. सूट मागू नका, तारीख पुढे ढकलून मागा. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि बरेच अर्ज याच गोंधळात फेटाळले जातात. सूट म्हणजे ‘मला घेऊच नका’. त्यासाठी आजारपण, घरातल्या परावलंबी माणसाची देखभाल, जबर आर्थिक अडचण अशी कारणं कागदांनिशी दाखवावी लागतात. तारीख बदलणं त्या मानाने सोपं. बऱ्याच कोर्टांत पहिल्यांदा मागितल्यावर फारशी चौकशी होत नाही, समन्सवरचा ज्यूरर (ज्यूरीचा सदस्य) क्रमांक टाकून संकेतस्थळावरच दोन मिनिटांत काम होतं.

समन्स आल्याच्या आठवड्यातच मागा. आदल्या दिवशी फोन केलात तर कारण कितीही खरं असलं तरी ऐकून घेणारं माणूस भेटेलच असं नाही. नवी तारीख निवडायची सोय असेल तर स्वतः निवडा, कारण दुसऱ्यांदा बदलून मागताना हात आखडलेला असतो. परतीच्या विमानानंतर निदान आठवडाभर मोकळा धरा. प्रवासाचा शीण आणि डोळ्यांवर झोप घेऊन दिवसभर साक्षी ऐकणं हे आरोपीवरही अन्याय करणारं आहे. मूल अंगावर पीत असेल तर त्यासाठी काही राज्यांत खास तरतूद आहे. कॅलिफोर्नियात अशी तारीख वर्षभरापर्यंत पुढे नेता येते.

सासूबाई नागरिक झाल्यात, वय ७२. इंग्रजी जेमतेम. त्यांना जावंच लागेल का?

दोन मुद्दे आहेत, ते वेगळे ठेवू. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात इंग्रजी वाचता, लिहिता, बोलता आणि समजता येणं ही पात्रतेची अटच आहे. बहुतेक राज्यांतही पुरेसं इंग्रजी लागतं. न्यू मेक्सिको हा मोठा अपवाद, तिथल्या राज्यघटनेनुसार केवळ इंग्रजी येत नाही म्हणून ज्यूरीतून वगळता येत नाही आणि दुभाषा दिला जातो. प्रश्नावलीत भाषेची चौकट असते, ती सासूबाईंनी खरी भरावी. फॉर्म तुम्ही भरून देत असाल तर ‘दुसऱ्याने मदत केली’ ही नोंद करायची जागा बहुधा असते, तीही भरा.

वयाचं म्हणाल तर, अनेक फेडरल कोर्टं सत्तरीपुढच्यांना मागितल्यावर सोडतात. मात्र मागावं लागतं. राज्यांत एकवाक्यता नाही. कॅलिफोर्नियात नुसतं वय हे सुटकेचं कारण धरत नाहीत, प्रकृतीचं कारण द्यावं लागतं.

जाता जाता, आपल्या उच्चारांवरून संकोच करणाऱ्यांसाठी: उच्चार मराठी असणं ही अडचण नाही. समजणं महत्त्वाचं. कॉलेज इथे केलेल्या, ऑफिसात रोज इंग्रजी बोलणाऱ्या माणसाने ‘इंग्रजी येत नाही’ लिहिलं तर ते शपथेवरचं खोटं ठरतं.

त्या दिवशी नक्की काय होतं? सोबत काय न्यावं?

समन्सवर गट क्रमांक असतो. बऱ्याच कोर्टांत आदल्या संध्याकाळी, साधारण पाचनंतर, फोनवर किंवा संकेतस्थळावर पाहायचं की तुमच्या गटाला बोलावलंय का. ‘बोलावलेलं नाही’ दिसलं तरी आठवडा संपेपर्यंत रोज पाहायला सांगितलेलं असू शकतं. सोमवारी पाहिलं आणि विसरून गेले, मग गैरहजेरीचं पत्र आलं, अशी गत अनेकांची होते.

सोबत समन्सचा बारकोडवाला भाग, फोटो असलेलं ओळखपत्र, चार्जर, पुस्तक, पाण्याची बाटली, डबा आणि एक पातळ स्वेटर. कोर्टाच्या खोल्या गार असतात. दारात विमानतळासारखी तपासणी होते. पर्समधली छोटी कात्री, किल्ल्यांच्या जुडग्यातला चाकू घरीच ठेवा. पार्किंगचा शिक्का मारून मिळतो का ते आत गेल्या गेल्या विचारा.

मोठ्या हॉलमध्ये नावं पुकारतात. पुकारलेल्या गटाला कोर्टरूममध्ये नेतात आणि तिथे प्रश्नोत्तरं होतात. न पुकारता संध्याकाळ झाली तर ‘एक दिवस किंवा एक खटला’ या पद्धतीच्या ठिकाणी तुमची सेवा तेवढ्यावरच पुरी होते. निघण्याआधी हजेरीचं प्रमाणपत्र मागून घ्या. एचआर तेच मागतं, आणि ते नंतर मिळवायचं म्हणजे डोक्याला ताप.

निवडीच्या वेळी प्रश्न फार खासगी असतात असं ऐकलं. सगळ्यांसमोर सांगावंच लागतं का?

प्रश्न असे येतात: घरात कोणी पोलीस किंवा वकील आहे का, तुमच्याकडे कधी चोरी झाली का, अपघाताचा दावा तुम्ही किंवा तुमच्यावर कोणी लावला होता का, या खटल्यातल्या कोणाला ओळखता का, पोलिसाची साक्ष इतरांपेक्षा जास्त खरी मानाल का. घरातली मारहाण, व्यसन, लैंगिक छळ असा अनुभव असेल आणि प्रश्न त्याला भिडत असेल तर हात वर करून एवढंच म्हणा, ‘याचं उत्तर मला खासगीत द्यायचंय.’ न्यायाधीश तुम्हाला बाजूला बोलावून ऐकतात. हे वाक्य माहीत नसल्याने कितीतरी जण एकतर गप्प बसतात, नाहीतर चारचौघांत सांगून रात्रभर अस्वस्थ राहतात. म्हणून ते पाठच करून जा.

सुटण्यासाठी टोकाची मतं फेकू नका. शपथ घेतलेली असते, आणि न्यायाधीशांनी असे नमुने भरपूर पाहिलेले असतात. प्रामाणिक अडचण मात्र जरूर सांगा: ‘माझ्या भावाला दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने उडवलं, या खटल्यात मला तटस्थ राहता येणार नाही.’ अशा कारणाने वगळण्याला संख्येची मर्यादा नसते. शिवाय दोन्ही बाजूच्या वकिलांना कारण न देता काही जणांना वगळता येतं. फेडरल कोर्टातल्या सर्वसाधारण गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात सरकारला ६ आणि बचावपक्षाला १० जण. मात्र वंशाच्या आधारावर असं वगळता येत नाही, हे १९८६ च्या बॅटसन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं. वगळलं म्हणून कमीपणा मानू नका.

शपथेच्या वेळी देवाचं नाव घ्यायचं नसेल तर ‘प्रतिज्ञापूर्वक’ म्हणायची सोय आहे, आधी सांगा.

पगाराचं काय?

नोकरीवरून काढता येत नाही. फेडरल ज्यूरीसाठी तसा फेडरल कायदाच आहे आणि राज्यांचेही आपापले कायदे आहेत. पण त्या दिवसांचा पगार द्यायलाच हवा असं फेडरल कायदा सरसकट म्हणत नाही. तासावर काम करणाऱ्यांचा पैसा बुडू शकतो. ओव्हरटाइम लागू नसलेल्या पगारी कर्मचाऱ्याने मात्र त्या आठवड्यात थोडं जरी काम केलं असेल, तर ज्यूरीच्या गैरहजेरीपोटी त्या आठवड्याचा पगार कापता येत नाही. कोर्टाकडून मिळालेली फी तेवढी वळती करता येते.

फी तुटपुंजीच असते. फेडरल कोर्टात दिवसाला ५० डॉलर, खटला दहा दिवसांपुढे गेला तर ६० पर्यंत. कॅलिफोर्नियाच्या राज्य कोर्टांत नेहमीचा दर १५ डॉलर, तोही दुसऱ्या दिवसापासून. मॅसॅच्युसेट्समध्ये पहिले तीन दिवस मालक पगार देतो, चौथ्या दिवसापासून राज्य ५० डॉलर देतं. ही फी करपात्र उत्पन्न आहे. ती कंपनीला परत केलीत तर तेवढी वजावट मिळते, ती घ्यायला विसरू नका.

खटला चालू असताना घरी काय सांगायचं?

‘मी ज्यूरीत आहे, अमुक दिवसांपर्यंत.’ बस्स. नवऱ्याला, बायकोला, कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यापुढे एक अक्षर नाही. निकालानंतर हवं ते बोला.

सगळ्यात जास्त घसरगुंडी होते ती गूगलवर. आरोपीचं नाव शोधणं चूक आहे हे बहुतेकांना कळतं. पण नकाशावर तो चौक पाहणं, साक्षीत आलेल्या औषधाचे दुष्परिणाम वाचणं, अगदी ‘निष्काळजीपणा’च्या कायदेशीर शब्दाचा अर्थ शोधणं, हेसुद्धा बंद. कारण साधं आहे: कोर्टात मांडलेल्या प्रत्येक गोष्टीवर दोन्ही बाजूंना प्रश्न विचारता येतात. तुम्ही रात्री वाचलेल्या पानाची उलटतपासणी कोण घेणार? अशाने आठवड्यांची मेहनत वाया जाऊन खटला पुन्हा पहिल्यापासून चालवावा लागतो. ऑफिसात अडलं की शोधायची आपली सवय इतकी पक्की असते की हात आपोआप फोनकडे जातो, म्हणून हे इतकं ठासून लिहितोय.

चुकून काही कानावर आलंच तर दुसऱ्या ज्यूररला सांगू नका. चिठ्ठी लिहून बेलिफमार्फत (कोर्टरूममधला कर्मचारी) न्यायाधीशांना कळवा. शब्दाचा अर्थ हवा असेल, साक्षीचा भाग पुन्हा ऐकायचा असेल, तरी रस्ता तोच.

बारा जणांत मी एकटीच वेगळ्या मताची असले तर?

असलात तर असू द्या. सर्वोच्च न्यायालयातल्या २०२० च्या रामोस खटल्यापासून गंभीर गुन्ह्यांत सगळ्या राज्यांत एकमत लागतं. त्याआधी लुईझियाना आणि ओरेगनमध्ये दहा विरुद्ध दोन चालत असे. दिवाणी दाव्यांत राज्याराज्यांत फरक आहे, कॅलिफोर्नियात बारांपैकी नऊ पुरतात.

पुराव्याचं मापही वेगवेगळं आहे. फौजदारीत वाजवी शंकेला जागा उरता कामा नये. दिवाणीत बहुधा पारडं किंचित झुकलं तरी पुरतं. चर्चा अडते ती अनेकदा इथेच: कोणी फौजदारी खटल्यात ‘बहुतेक त्यानेच केलं असेल’ म्हणतो. बहुतेक पुरत नाही. अशा वेळी न्यायाधीशांनी दिलेल्या लेखी सूचना मोठ्याने वाचायला सांगा. बसल्याबरोबर हात वर करून मतदान घेण्याआधी पुरावा एकेक करून पाहू, असा आग्रह धरा, कारण एकदा सर्वांसमोर मत दिलं की माणसं त्याला चिकटून बसतात. पटलं तर मत बदला. घरी जायची घाई म्हणून बदलू नका. आयुष्य दुसऱ्याचं आहे.

ग्रँड ज्यूरीचं पत्र आलंय. हे वेगळं असतं का?

बरंच. इथे दोषी की निर्दोष ठरत नाही, आरोप ठेवण्याइतका आधार आहे का एवढंच पाहतात. फेडरल ग्रँड ज्यूरीत १६ ते २३ जण असतात आणि आरोपपत्रासाठी १२ जणांची संमती लागते. मुदत सहसा १८ महिन्यांपर्यंत, रोज नाही, ठरलेल्या दिवशी. कामकाज गुप्त, आणि हे बंधन मुदत संपल्यावरही सुटत नाही. घरच्या जबाबदाऱ्या पाहून अडचण असेल तर पहिल्याच उत्तरात लिहा.

‘तुम्ही ज्यूरीला आला नाहीत, वॉरंट निघालंय, आत्ता दंड भरा’ असा फोन आला. आई घाबरली आहे.

आईंना सांगा, फोन ठेवून द्या. कोर्ट फोनवर दंड मागत नाही, गिफ्ट कार्ड किंवा बिटकॉइन तर कधीच नाही. सोशल सिक्युरिटी नंबरही फोनवर विचारत नाही. हे भामटे खऱ्या न्यायाधीशाचं नाव घेतात, फोनवर शेरीफ ऑफिसचा नंबर दिसेल अशी व्यवस्था करतात आणि ‘कोणाला सांगू नका’ म्हणून लाइनवर धरून ठेवतात. तो नंबर परत लावू नका. कोर्टाच्या अधिकृत संकेतस्थळावरून ज्यूरी कार्यालयाचा नंबर काढून तिथे विचारा. पैसे गेले असतील तर कार्डाच्या कंपनीला आणि पोलिसांना त्याच तासात कळवा.

खरोखरच तारीख चुकली असेल तर आधी साधारणपणे पत्र येतं. फेडरल कोर्टात योग्य कारण नसेल तर १,००० डॉलरपर्यंत दंड, तीन दिवसांपर्यंत कैद किंवा समाजसेवा अशी तरतूद आहे. पण स्वतःहून कार्यालयाला फोन करून नवी तारीख मागणाऱ्याचं प्रकरण बहुतेक वेळा तिथेच मिटतं.