गेमची गोष्ट शाळेच्या कथालेखनात वापरली तर ती चोरी होते का?

नुसता सांगाडा घेतला तर नाही. नावं, संवाद जसेच्या तसे उचलले तर हो. कथासूत्रावर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात सांगितलंय. आणि राजकन्येला सोडवणारा व्हिडिओ गेममधला मारिओ १९८५चा. आपल्याकडे ही गोष्ट सीतेपासून चालत आलीय!

खरी अडचण वेगळीच. गेममध्ये निर्णय खेळणारा घेतो, म्हणून नायकाला मन नसलं तरी भागतं. कागदावर नाही भागत. इथे इंदूरला माझ्या भाच्याने लेव्हलमागून लेव्हल लिहिली, बाईंचा शेरा आला: 'नायकाला काय वाटलं?' मग त्याने किल्ल्याऐवजी रात्रीचा सराफा (इथला रात्री भरणारा खाऊबाजार) घेतला, गर्दीत हरवलेली धाकटी बहीण घेतली आणि नायकालाच गर्दीची भीती दिली. जमलं. खाली 'कल्पना अमुक गेमवरून' एवढं मात्र मुलांना लिहायला सांगा.