फौजी रस्त्यावर का येतो, हे शोधणं ही नोकरी होऊ शकते का?

सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त सुभेदारांचं पत्र आहे. थोडक्यात असं: "लेक मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेतले बेघर माजी सैनिक आणि त्यांचं मानसिक आरोग्य यावर संशोधन करायचं म्हणते. मला वाटतं, बँकेची नाहीतर एमपीएससीची तयारी करावी. यात पोट भरतं का? आपल्या मुलीला तिथं कोण घेईल? आणि एवढी श्रीमंत फौज, तरी त्यांचा जवान फुटपाथवर कसा?"

नमस्कार सुभेदारसाहेब,

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण तोच तुमच्या मुलीचा विषय आहे आणि तो वाटतो तेवढा सरळ नाही.

अमेरिकेत जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांतल्या एका रात्री बेघरांची मोजणी होते. २०१० साली त्यात ७४,०८७ माजी सैनिक होते, २०२४ साली ३२,८८२. त्याच २०२४ च्या मोजणीत एकूण बेघर ७,७१,४८० भरले, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा १८ टक्के जास्त. सगळ्यांचा आकडा चढला आणि फौजींचा उतरला. संशोधकाचं कुतूहल इथं जागं व्हायला हवं. 'बिचारे जवान' एवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही. 'यांचा आकडा का उतरला, आणि तरी तेहतीस हजार का उरले' यावर राहतो.

उतरण्याचं मोठं कारण म्हणजे हड-व्हॅश ही योजना. १९९२ पासूनची, पण मोठा पैसा मिळाला २००८ पासून. गृहनिर्माण खातं भाड्याचं व्हाउचर देतं, भाडेकरू आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरतो आणि माजी सैनिक खात्याचा केस मॅनेजर त्याच्या उपचारांचा पाठपुरावा करतो. तत्त्व असं की आधी घर. दारू सुटल्यावर घर नव्हे. योजना अडकते ती नेहमीच्या दोन ठिकाणी: व्हाउचर हातात असतं पण त्या भाड्यात घर मिळत नाही किंवा घरमालक नको म्हणतो, नाहीतर केस मॅनेजरची जागाच रिकामी असते. लॉस एंजेलिसचं उदाहरण मुलीनं जरूर अभ्यासावं. १८८८ साली अपंग सैनिकांच्या वसतिगृहासाठी दान मिळालेली जमीन, आज उरलेली ३८८ एकर, आणि २०२१ पर्यंत तिच्याच कुंपणाबाहेर माजी सैनिकांचे तंबू. २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी १,८०० कायमची घरं बांधायचा आदेश दिला. सरकार अपिलात गेलं.

आता कारणं. युद्ध, त्यातून मनावर घाव, त्यातून रस्ता अशी साखळी लोक धरून चालतात. तुमची मुलगीही बहुधा तशीच धरत असेल. जॅक त्साय आणि रॉबर्ट रोझेनहेक या संशोधकांनी २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. सर्वांत ठामपणे पुढे आले ते व्यसन आणि मानसिक आजार, त्यांच्या मागोमाग कमी उत्पन्न. लढाईचा अनुभव एकटा फारसं सांगत नाही. १९७३ मध्ये सक्तीची भरती संपली; त्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत भरती झालेल्यांत बेघर होण्याचा धोका व्हिएतनामच्या पिढीपेक्षा जास्त दिसला, आणि त्यातल्या बहुतेकांनी लढाई पाहिलीच नव्हती. म्हणजे फौजेत कोण येतो, कुठल्या घरातून येतो आणि बाहेर पडताना हातात काय असतं, हेही मोजावं लागतं.

हातात काय असतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. डिस्चार्जच्या कागदावरचा शेरा माणसाचं पुढचं आयुष्य ठरवतो. अमेरिकेत सन्मानपूर्वक निवृत्ती आणि बडतर्फी यांच्या मधल्या पायऱ्या आहेत. 'अदर-दॅन-ऑनरेबल', म्हणजे सन्मानपूर्वकच्या खालचा, शेरा बसला की माजी सैनिक खात्याच्या बऱ्याच सवलती अडतात. आघातानंतरच्या तणावविकारात, म्हणजे पीटीएसडीमध्ये, माणूस पितो, हुज्जत घालतो, गैरहजर राहतो. त्याच वागण्यावरून शेरा बसतो आणि उपचाराचं दारही त्याच शेऱ्यानं अडतं.

आता काम प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहू, म्हणजे मुलीला हे झेपेल का हे तुम्हा दोघांनाही ठरवता येईल.

पहिली अडचण प्रश्नाच्या शब्दांची. "तुम्ही व्हेटरन आहात का?" असं विचारलं की स्त्रिया, राखीव दलातले, युद्धावर न गेलेले सरळ 'नाही' म्हणतात, त्यांच्या लेखी व्हेटरन म्हणजे लढलेला माणूस. म्हणून विचारायचं, "तुम्ही कधी सैन्यदलात नोकरी केली आहे का?" उलट बाजूला खोटं सांगणारेही भेटतात, म्हणून उत्तर 'डीडी २१४' या सेवामुक्तीच्या कागदाशी ताडून बघतात. तो कागद रस्त्यावर कधीच हरवलेला असतो. मग नोंदी मागवायच्या. व्याख्याही देशागणिक बदलते: ब्रिटनमध्ये एक दिवस नोकरी केलेलाही व्हेटरन. दोन देशांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी हे पाहिलं नाही तर तुलनेला अर्थ राहत नाही.

दुसरी अडचण मोजणीची. एका रात्रीची मोजणी मित्राच्या सोफ्यावर झोपणाऱ्याला धरत नाही. पांघरुणात झोपलेल्याला उठवत नाहीत, त्यामुळे तो फौजी होता का हे अंदाजानं भरावं लागतं. उघड्यावरच्यांची मोजणी दर दोन वर्षांनी सक्तीची, मधल्या वर्षी ऐच्छिक. आणि २०२१ मध्ये कोविडमुळे कित्येक शहरांनी ती केलीच नाही. नवखा विद्यार्थी आलेखात २०२१ चा खड्डा पाहून 'बेघरपणा अचानक घटला' असं लिहून मोकळा होतो. परीक्षक पहिला प्रश्न तिथंच विचारतो.

तिसरी, मन मोजण्याची. पीटीएसडीसाठी पीसीएल-५ ही २० प्रश्नांची मोजपट्टी, गुण ० ते ८०, साधारण ३१ ते ३३ च्या वर गेलं तर पुढची तपासणी. नैराश्यासाठी पीएचक्यू-९, गुण ० ते २७, १० पासून पुढे लक्ष द्यायचं. दारूसाठी 'ऑडिट' नावाची प्रश्नावली, १० प्रश्न, ८ पासून पुढे धोका. या चाळण्या आहेत, निदान नव्हे. प्रबंधात 'इतक्यांना पीटीएसडी आहे' असं लिहिणं चूक, 'इतक्यांचे गुण मर्यादेवर गेले' हे बरोबर. पीएचक्यूचा नववा प्रश्न आत्महत्येच्या विचाराबद्दल आहे. 'हो' आलं तर कोणाला फोन करायचा, किती मिनिटांत, माणसाला एकटं सोडायचं की नाही, हे मुलाखत सुरू व्हायच्या आत कागदावर हवं. नसेल तर संशोधनाला मंजुरी देणारी नैतिक समिती प्रस्ताव परत पाठवते, आणि पाठवावाच.

चौथी अडचण सर्वांत चिवट: आधी काय झालं, आजार की बेघरपणा? आज विचारलं तर दोन्ही एकत्रच दिसतात, कारण फुटपाथवर महिनाभर न झोपलेला कोणीही निराश असतो. म्हणून भरतीपासून आजपर्यंत कुठं राहिला, कधी घर सुटलं, पहिला उपचार कधी, हे वर्षावार तक्त्यात भरून घेतात. शिवाय तुलनेसाठी दोन गट लागतात: घर असलेले माजी सैनिक, आणि बेघर पण फौजेत न गेलेले. एक गट गाळला की निष्कर्ष लंगडा पडतो. पुढं वर्षभरानं तीच माणसं शोधायची असतात. पहिल्याच भेटीत त्याला ओळखणाऱ्या तीन-चार जणांचे संपर्क संमतीसह घेतले नाहीत तर निम्मी माणसं हरवतात, आणि हरवतात तीच ज्यांची अवस्था सर्वांत वाईट असते.

म्हणून या क्षेत्राचं दार संख्याशास्त्र आणि फील्डवर्क हे आहे. कळवळा सगळ्यांकडे असतो.

तिला तिथं कोण घेईल? अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यात नोकरीला नागरिकत्व लागतं, अपवाद फार थोडे. त्यांच्या रुग्णांच्या नोंदीही आतल्या संशोधकाला सोबत घेतल्याशिवाय मिळत नाहीत. तो रस्ता आज मनातून काढावा. उघडे रस्ते दोन. एक, अमेरिकी विद्यापीठात पीएच.डी.; चांगल्या ठिकाणी फी माफ आणि वर विद्यावेतन असतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डेनिस कुल्हेन यांनी बेघरपणाच्या नोंदी एकमेकींशी जोडून पाहण्याचं काम मोठं केलं. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या समाजकार्य विभागात लष्करी समाजकार्य हा स्वतंत्र विषय आहे. दुसरा, भारतात पीएच.डी.ला नोंदणी करून फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल शिष्यवृत्तीवर सहा ते नऊ महिने तिथं जाणं. ब्रिटनही पाहावं: लंडनच्या किंग्ज कॉलेजचं लष्करी आरोग्य केंद्र २००३ पासून त्याच सैनिकांचा पुन्हा पुन्हा पाठपुरावा करत आलं आहे. तिथल्या एका वर्षाच्या मास्टर्ससाठी चेव्हनिंग शिष्यवृत्ती आहे, पण आधी २,८०० तासांचा कामाचा अनुभव हवा.

त्याआधीची पायरी इथलीच. एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू., दोन वर्षं. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था (प्रवेश सीयूईटी-पीजीमार्फत), निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था. टाटा संस्थेचा 'कोशिश' हा बेघर आणि भिक्षेकऱ्यांसोबतचा प्रकल्प आहे, कर्जतजवळ डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उपचार करून घरी पोचवते. अशा ठिकाणी फील्डवर्क मिळालं तर अर्जावर त्याचं वजन पडतं. मानसोपचार समाजकार्यातल्या एम.फिल.वर मात्र बेत बांधू नये; २०२२ च्या यूजीसी नियमांनी एम.फिल. बंद केलं आणि या शाखेला सवलत मिळाली तीही २०२५-२६ पर्यंतच.

पोट भरतं का? भरतं, पण उशिरा. संशोधन सहायकाचा पगार बेताचा असतो, कंत्राट प्रकल्पापुरतं. नीट स्थैर्य यायला सात-आठ वर्षं धरा. जमेची बाजू अशी की नमुना निवडणं, प्रश्नावली बांधणं, माहितीचं विश्लेषण ही कामं सार्वजनिक आरोग्यात, सरकारी योजनांच्या मूल्यमापनात, स्वयंसेवी संस्थांत कुठंही चालतात. एमपीएससीचा अभ्यास सोबत ठेवायचा आग्रह धरू नका. दोन्ही दगडांवर पाय ठेवून दोन्ही परीक्षा गेलेली मुलं पुष्कळ आहेत.

या वर्षात तिनं एकच गोष्ट करून पाहावी. आर हे संख्याशास्त्राचं फुकट सॉफ्टवेअर घ्यावं, अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्यानं खुल्या ठेवलेल्या मोजणीच्या एक्सेल फाइल्स उतरवाव्यात, आणि कॅलिफोर्नियातले सगळे बेघर आणि माजी सैनिक बेघर अशा २०११ ते २०२४ च्या दोन रेषा काढाव्यात. २०२१ चं काय केलं आणि का, हे दोन पानांत लिहावं. हे करताना कंटाळा आला तर विषय बदलावा, वाईट वाटून घेऊ नये. मजा आली तर तुम्ही अडवू नका.

आणि एक गोष्ट तुमच्या दारातली. आपल्याकडे बेघर माजी सैनिकांची वेगळी मोजणी नाही. २०११ च्या जनगणनेत देशभर पावणेअठरा लाख बेघर नोंदले गेले, त्यात फौजी किती हे कळत नाही. पंधरा वर्षं नोकरी करणाऱ्या जवानाला निवृत्तिवेतन असतं आणि मागं गाव असतं, म्हणून अमेरिकेसारखे तंबू दिसत नाहीत. २०२२ पासूनच्या अग्निवीरांचं गणित वेगळं: चार वर्षं, त्यातले २५ टक्क्यांपर्यंत कायम, बाकीच्यांना एकरकमी सेवानिधी पण निवृत्तिवेतन नाही. त्यांचं घर, कर्ज, दारू, झोप यांची नोंद पहिल्या वर्षापासून ठेवणारा अभ्यास अपशिंग्यासारख्या फौजींच्या गावातून सुरू होऊ शकतो, आणि परदेशी विद्यापीठालाही तो अर्ज वेगळा वाटेल.

त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तुमची ओळख तिच्या कामी येईल. मुलाखतीला मात्र तुम्ही सोबत बसू नका. सुभेदारसाहेब समोर असताना कुठलाही जवान एकच उत्तर देईल: "सब ठीक है, साब."