टेलिकॉम इंजिनिअर मुलीने पहिली नोकरी फील्डची घ्यावी की ऑफिसची?

तुम्ही लिहिलंय की इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमची पदवी झाली आहे आणि हातात दोन ऑफर आहेत. एक साइटवर (टॉवरच्या जागी) जाण्याची आणि ड्राइव्ह टेस्टची, म्हणजे गाडीतून फिरत सिग्नल मोजण्याची, दुसरी ऑफिसात बसून नेटवर्कचे रिपोर्ट काढायची. घरचे म्हणतात, मुलीच्या जातीला ऑफिसचीच बरी.

फील्डची घ्या. निदान पहिली दोन वर्षं.

माझी सुरुवात फील्डवरच झाली होती, पण चौथ्या महिन्यात वरिष्ठांनी मला आत बसवलं. ‘उन्हातान्हात कशाला, तुम्ही एक्सेलचं बघा.’ हेतू वाईट नव्हता, म्हणूनच नाही म्हणणं जड गेलं. वर्षभरात माझे तक्ते सगळ्यांत सुबक झाले आणि मीटिंगमध्ये मला कुणी काही विचारेनासं झालं.

मग एका साइटचे कॉल ड्रॉप काही केल्या कमी होईनात. मी तीन आठवडे स्क्रीनवरून हँडओव्हरचे, म्हणजे चालू कॉल एका अँटेनाकडून दुसऱ्याकडे सोपवण्याचे, पॅरामीटर इकडचे तिकडे करत बसले. शेवटी हट्टाने ड्राइव्ह टेस्टच्या गाडीत जाऊन बसले. साइटला बहुधा तीन सेक्टर असतात, म्हणजे तीन दिशांना तोंड केलेले अँटेना, साधारण १२०-१२० अंशांवर, आणि प्रत्येकाच्या सेलचा, म्हणजे त्याने व्यापलेल्या भागाचा, आयडी वेगळा. एक फेरी मारली आणि दिसलं: पहिल्या सेक्टरचा आयडी दुसऱ्याच्या दिशेला उमटतोय, दुसऱ्याचा पहिल्याच्या. वर केबल जोडतानाच अदलाबदल झाली होती. सिग्नल भरपूर होता, पण सिस्टिममधली शेजारी सेलची यादी भलत्याच दिशेची. फोन पुढच्या सेलकडे निघाला की वाटेतच कॉल तुटायचा. रिगरने (टॉवरवर चढून काम करणाऱ्याने) केबल बदलल्या आणि माझ्या तीन आठवड्यांच्या पॅरामीटरांवर पाणी पडलं. लाज वाटली, पण त्यानंतर मी पुन्हा फील्ड मागून घेतलं.

टॉवरवर चढायची भीती असेल तर, ते काम बहुतेक ठिकाणी रिगर करतात, इंजिनिअर खाली लॅपटॉप घेऊन असतो. चढायचं असेलच तर उंचीवरच्या कामाचं प्रशिक्षण आधी घ्या आणि हार्नेस आपल्या मापाचा मागा. ढगळ हार्नेस घालून चढणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा, मग समोरचा काहीही म्हणो. खरी अडचण स्वच्छतागृहाची असते. आडबाजूच्या साइटवर ते नसतंच, आणि मुली पाणी पिणं बंद करतात. मीही केलं, आजारी पडले. साइट व्हिजिटच्या वेळापत्रकातच त्यासाठी थांबा लिहून ठेवा, अगदी लेखी. लाजू नका.

रात्रपाळी टाळू नका. नेटवर्कचे अपग्रेड रात्रीच होतात, कारण तेव्हा ट्रॅफिक सर्वांत कमी असतो. काही बिघडलं तर पहाटेच्या आत जुन्या व्हर्जनवर परतायचं असतं, आणि त्या दोन-तीन तासांत जे शिकायला मिळतं ते दिवसा मिळत नाही. येण्याजाण्याची गाडी मात्र कंपनीकडून घ्या.

अभ्यासाचं थोडक्यात. डेसिबल (डीबी), म्हणजे सिग्नलची पॉवर किती पट ते सांगणारं माप, तोंडी यायला हवेत: ३ डीबी वाढले की पॉवर दुप्पट, १० वाढले की दसपट. थ्रीजीपीपीची, म्हणजे मोबाइल नेटवर्कचे नियम ठरवणाऱ्या संघटनेची, मानकं फुकट मिळतात. फाइव्हजीसाठी ३८.३०० पासून सुरू करा, मग सिग्नलिंगचं (फोन आणि नेटवर्कमधल्या नियंत्रणाच्या मेसेजचं) ३८.३३१. सलग वाचू नका, झोप येईल. वायरशार्क या नेटवर्कवरचे मेसेज दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एखादा कॉल फ्लो (एका कॉलच्या मेसेजची मालिका) उघडा आणि त्यातला प्रत्येक मेसेज मानकात शोधा. पायथन आणि लिनक्स हवंच, कारण कोअर नेटवर्क, म्हणजे टॉवरांमागची मध्यवर्ती यंत्रणा, आता मुख्यतः सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअरच आहे.

‘मुलं झाल्यावर काय?’ हेही तुम्ही विचारलंय. एर्ना हूवर यांचं नाव ऐकलंय का? त्या अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या टेलिफोन संशोधन संस्थेत होत्या. टेलिफोन एक्स्चेंजवर एकदम कॉलची गर्दी झाली की सगळंच ठप्प व्हायचं. येणाऱ्या कॉलचं प्रमाण संगणकाने मोजत राहायचं आणि कुठलं काम आधी करायचं ते त्यावरून ठरवायचं, ही त्यांची पद्धत. तिचे पहिले आराखडे त्यांनी बाळंतपणात, हॉस्पिटलच्या खाटेवर काढले. पेटंट १९७१ मध्ये मिळालं. प्रत्येकीने तेव्हाही काम करावं असं मी मुळीच म्हणत नाही, मी तर केलं नाही. आठ महिन्यांनी परतले तेव्हा सॉफ्टवेअरची दोन व्हर्जनं पुढे गेली होती, ती महिन्याभरात भरून निघाली. अँटेना, लिंक बजेट (सिग्नल वाटेत किती घटतो-उरतो त्याचा हिशेब), हँडओव्हर कशामुळे बिघडतो, हे जागच्या जागीच होतं.

होकार कळवण्याआधी त्यांना तीन गोष्टी विचारा: ड्राइव्ह टेस्टला सोबत कोण असतं, रात्री गाडी मिळते का, आणि सहा महिन्यांनी तुम्हाला न विचारता टीम बदलतात का. तिसऱ्याचं उत्तर ईमेलवर मागा.