सामान्य मराठी माणसाच्या रोजच्या जगण्यात संगणकामुळे खरा फरक कशाने पडला?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एक, गेल्या तीस-चाळीस वर्षांत संगणक इतका बदलला, त्यातल्या नेमक्या कशाने आपल्यासारख्यांच्या रोजच्या जगण्यात फरक पडला? आणि दुसरी, आता फोनशी बोललं की आपोआप टाइप होतं, मग बारावी झालेल्या मुलीला मराठी टायपिंगच्या क्लासला घालण्यात अर्थ आहे का?

प्रोसेसर, इंटरनेट, स्मार्टफोन यांपैकी काहीही म्हटलं तरी चूक नाही. पण मला विचाराल तर मराठी अक्षराला संगणकात स्वतःचा क्रमांक मिळाला, तेव्हा फरक पडला. मी ठाण्यात पस्तीसहून जास्त वर्षं मराठी टाइप करून घर चालवते आहे, त्यामुळे हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

दहावीनंतर, १९८८ साली, चरईतल्या एका क्लासला नाव घातलं. सकाळी सातची बॅच, एका खोलीत चौदा मशीनं, बाहेर रस्त्यापर्यंत खडखडाट. मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द, या दोन परीक्षा पास झाल्या की क्लार्क-टायपिस्टच्या जाहिरातीला अर्ज करता यायचा. मराठी मशीनवर अक्षरं जोडून बनवावी लागत. श, ण, थ यांची अर्धी अक्षरंच बटणावर असत. ती मारायची आणि पुढे काना द्यायचा, की अक्षर पुरं. पहिली वेलांटी मात्र अक्षराच्या आधी. 'किती' लिहायचं तर आधी वेलांटी, मग क, मग त, मग दुसरी वेलांटी. कागदावर जे डावीकडे दिसतं ते आधी मारायचं, एवढाच नियम. ही वेलांटी लक्षात ठेवा, पुढे तिचंच रामायण झालं.

मग पाच-सहा वर्षं कोर्ट नाक्यावर एका वकिलांकडे होते. हिरवा लेजर पेपर, मध्ये कार्बन, प्रतिज्ञापत्रं आणि नोटिसा. शेवटच्या परिच्छेदात आडनाव चुकलं की सगळं पान पहिल्यापासून. १९९४ मध्ये नौपाड्यात डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावून देणाऱ्या, दुकानात लागले. ४८६ प्रोसेसरचा संगणक, ४ एमबी रॅम, पानं लावायला पेजमेकर हे सॉफ्टवेअर. पहिल्या दिवशी बॅकस्पेस दाबला आणि अक्षर डाग न ठेवता निघून गेलं. मी तोच शब्द चार वेळा लिहिला आणि चार वेळा पुसला. मालक बघत होते, काही बोलले नाहीत. खिळे जुळवणाऱ्यांना जिथे दिवस लागायचा, ती लग्नपत्रिका आम्ही तासाभरात लावून बटर पेपरवर प्रिंट काढून ऑफसेटवाल्याकडे धाडायचो.

हा बदल मोठा होता, पण तो छपाईचा होता. संगणकाला मराठी छापता येत होतं, वाचता येत नव्हतं.

ते असं. संगणकाच्या आत फक्त आकडे असतात. इंग्रजी कॅपिटल ए म्हणजे ६५, हे १९६०च्या दशकातच ठरून गेलं होतं. मराठीला असे ठरलेले आकडे आमच्या मशीनवर नव्हते. म्हणून फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्याच आकड्यांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवली. आमच्या फॉन्टात 'मराठी' हा शब्द आतून ई, जे, के, कॅपिटल बी, एच असा होता. फॉन्ट असेल तोवर मराठी, फॉन्ट काढला की इंग्रजी अक्षरांचा काला. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एका दुकानात लावलेला मजकूर दुसऱ्या दुकानात उघडायचा नाही. काही सॉफ्टवेअरना तर प्रिंटरच्या पोर्टला लावायचं लॉक असे. ते लॉक हरवलं की आपणच टाइप केलेलं आपल्याला परकं.

यातली खरी अडचण मला एका पतपेढीच्या यादीने शिकवली. सहाशेच्या वर सभासद. सेक्रेटरी काका म्हणाले, "ताई, आडनावाच्या क्रमाने लावून द्या. संगणक आहे म्हणजे मिनिटाचं काम." मी कमांड दिली. शिंदे, भिडे, निकम, चितळे, किणी, गिते, सगळे एकाच ठिकाणी येऊन बसले. काकांनी यादी दोनदा वाचली आणि विचारलं, "ही सगळी एका वाडीतली माणसं आहेत का?" मलाही आधी कळलं नाही. मग प्रकाश पडला. टाइपरायटरसारखीच फॉन्टातही पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, आणि ती इंग्रजी एफच्या बटणावर होती. संगणकाच्या लेखी ही सगळी एफने सुरू होणारी आडनावं! त्याला ना श ठाऊक, ना भ. शेवटी मी यादी छापली, नावांच्या पट्ट्या कापल्या, रात्री दुकान बंद झाल्यावर फरशीवर अ पासून ज्ञ पर्यंत मांडल्या आणि त्या क्रमाने सगळं पुन्हा टाइप केलं. दोन रात्री गेल्या.

फार कमी लोकांना ठाऊक असतं, पण याच्यावरचा उपाय आपल्याच देशात तोवर निघालेला होता. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत वाढलेलं, भारतीय लिप्या संगणकावर आणणारं जिस्ट नावाचं तंत्रज्ञान होतं. त्याच प्रयत्नांतून भारतीय लिप्यांसाठी इस्की ही आकड्यांची पद्धत ठरली, १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. तिची मेख अशी की आकडा अक्षराच्या चित्राला नाही, उच्चाराला. 'कि' कशीही दिसो, आत आधी क आणि मग वेलांटी, आपण बोलतो तशी. १९९१ मध्येच युनिकोडची, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना एकेक क्रमांक देणाऱ्या पद्धतीची, पहिली आवृत्ती आली आणि ती करणाऱ्यांनी देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या रूपावरून घेतली. देवनागरीला १२८ जागांचा पट्टा मिळाला. क म्हणजे २३२५, ख २३२६, ग २३२७. आपला ळ २३५५. ठाण्यात काय आणि टोकियोत काय, ळ म्हणजे २३५५.

माझ्या टेबलापर्यंत हे यायला बराच काळ गेला. विंडोज २००० मध्ये मराठीची सोय झाली. पुढच्या विंडोज एक्सपीत कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करायची, सीडी घालायची, की मंगल फॉन्ट दिसू लागायचा. हा मंगल र. कृ. जोशींनी घडवलेला, मराठी सुलेखनातलं मोठं नाव, आयआयटी मुंबईत शिकवायचे. आपण कोणाच्या हातची अक्षरं वाचतो हे माहीत असावं, म्हणून सांगितलं.

मी २००६ मध्ये इनस्क्रिप्ट, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने टाइप करायची कीबोर्डची मांडणी, शिकायला बसले. अठरा वर्षं बोटं वेलांटी आधी मारत आली होती, आता क आधी आणि वेलांटी नंतर. महिनाभर पडद्यावर ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळाला लटकलेल्या वेलांट्याच दिसायच्या. सोडून द्यावंसं वाटलं, पण त्याच सुमारास पतपेढीची यादी पुन्हा करायला आली. सगळी नावं युनिकोडमध्ये घातली आणि क्रम लावायची कमांड दिली. शिंदे श मध्ये गेले, भिडे भ मध्ये, निकम न मध्ये. खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काका तोवर निवृत्त झाले होते, नाहीतर त्यांना फोन केला असता.

आज तुम्ही जे सहज करता ते या क्रमांकांवर उभं आहे. मतदार यादीत नाव शोधणं, मोबाइलवर सातबारा बघणं, सोसायटीच्या ग्रुपवर 'उद्या पाणी येणार नाही' असं देवनागरीत पाठवणं, गूगलमध्ये 'भाजणीच्या चकलीचं प्रमाण' विचारणं. साध्या फोनच्या दिवसांत इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावत, देवनागरीत ७०च. 'आजी बरी आहे, काळजी करू नका, संध्याकाळी सातच्या गाडीने निघते' एवढ्यात निम्म्याहून जास्त जागा संपायची. लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला लागले ते बरंचसं तेव्हापासून, आणि ती सवय काही सुटली नाही. मला ते अजून बोचतं. जागेची अडचण आता कधीच संपली, पण पूर्वी ती केवढी होती बघा. १९६० साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक उभा राहिला, त्याच्या स्मृतीत एकूण १० केबीच मावत. त्यात माझं हे उत्तर निम्मंसुद्धा मावलं नसतं.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण तो यालाच चिकटून आहे. संगणकाला मराठी वाचता येऊ लागलं, तसा तो शुद्धलेखनाच्या बाबतीत कडक झाला. पूर्वी टेबलापलीकडचा कारकून समजून घ्यायचा. आता दोन नावं अक्षरागणिक ताडली जातात. मागच्या वर्षी कळव्याहून एक बाई आल्या. एका कागदावर 'सुनिता', दुसऱ्यावर 'सुनीता'. त्यांचा अर्ज तेवढ्यावरून परत आला होता. पहिल्या वेलांटीचा आकडा २३६७, दुसरीचा २३६८. त्या एका आकड्यासाठी 'सुनिता व सुनीता ही एकच व्यक्ती असून ती मीच आहे' असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. येण्याजाण्यात, टायपिंगमध्ये आणि नोटरीपुढे एक रोज बुडाला. त्या घरकाम करतात, एक रोज त्यांना लहान नाही. ती चूक कुणीतरी, कुठेतरी, टाइप करताना केलेली होती.

काही गुंते तर डोळ्यांना दिसतही नाहीत. 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी लोक अ वर अर्धचंद्र जोडून 'अॅ' करायचे, अजूनही बरेच जण करतात. दिसायला दोन्ही सारखेच, आत वेगळे. वकिलांच्या एका यादीत मी 'ॲड.' शोधलं तेव्हा बरीच नावं सापडेचनात. 'दुसऱ्या'मधला ऱ्या सुद्धा दोन तऱ्हांनी लिहिता येतो. हे ज्याला कळतं तोच माणूस यादी दुरुस्त करू शकतो.

म्हणून, हो, मुलीला क्लासला घाला. २०१७ पासून गूगलला मराठी बोलून टाइप करून घेता येतं, मीही घेते. लांब मजकुराला हात दुखत नाहीत. पण आडनावं, गावांची नावं, गट क्रमांक, ऱ्हस्व-दीर्घ हे बोलून नीट येत नाही, तिथे बोटंच लागतात. तिला इनस्क्रिप्ट शिकवा. डाव्या हाताकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, दोन-तीन महिने रोज तासभर बसली तर हात बसेल. क्लासवाले टाइपरायटरची जुनी मांडणी शिकवत असतील तर आधी विचारून घ्या. आज नव्याने सुरुवात करणारीला ती शिकायचं कारण नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. १९९६ मध्ये मुरबाड तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी आपल्या गावाची माहिती घेऊन दुकानात आले होते. वंशावळी, देवळं, दुष्काळात कुणी कुठे विहीर खणली, कुणाच्या शेतात कुठलं झाड. दोनशेच्या वर पानं मी टाइप केली, पण छपाईला पैसे जमले नाहीत आणि गुरुजी फ्लॉप्या पिशवीत घालून घरी घेऊन गेले. गेल्या पावसाळ्यात त्यांची सून ती पिशवी घेऊन माझ्याकडे आली. गुरुजी आता नाहीत. चार फ्लॉप्यांपैकी तीन उघडल्या. मजकूर वेगळा साठवून ठेवायची माझी जुनी सवय कामी आली. आतमध्ये अर्थात तोच इंग्रजी अक्षरांचा काला. जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये नेणारे प्रोग्रॅम आता फुकट मिळतात. एकातून पहिलं पान काढलं, तर प्रत्येक जोडाक्षराची पहिली वेलांटी चुकलेली, 'स्थिती'तली थ ऐवजी स वर, आणि दुसरी वेलांटी असलेली 'शक्ती' मात्र धड. ते सूनबाईंना समजावताना माझ्याच लक्षात आलं की ही माझी तीस वर्षांपूर्वीची बोटं आहेत.

पहिली दीडशे पानं हाताने तपासून झाली आहेत. सूनबाईंनी परवा फोनवर विचारलं, "आत्याबाई, आमची पाटाजवळची विहीर कुठे सापडते का बघा." मी 'विहीर' टाकून शोधलं, मग आठवलं आणि 'विहिर' टाकूनही शोधलं. पाटाजवळची विहीर दुसऱ्यात निघाली. चौथी फ्लॉपी अजून उघडत नाही. ती उघडून देणारा कुणी ठाणे-मुंबईत माहीत असेल तर खाली जरूर सांगा.